क्रूझवर मोठी बाल्कनी हवी असेल तर केबिन कोणत्या क्रमाने निवडावी

बाल्कनीची केबिन घेऊन क्रूझला जाऊन आलेल्या कोल्हापुरातल्या ओळखीच्या कुटुंबांकडून एक तक्रार मी दर सुट्टीनंतर ऐकतो. बाल्कनी होती, पण दोन खुर्च्या मांडल्यावर पाय लांब करायला जागा उरली नाही. किंवा जागा होती, पण खुर्चीत बसल्यावर समोर समुद्राऐवजी लोखंडी पत्रा दिसत होता. यातल्या बहुतेकांनी पैसे पुरेसे मोजलेले असतात. चूक क्रमात झालेली असते. आधी तारीख ठरते, मग दर पाहिला जातो, मग यादीतला ‘बाल्कनी’ हा शब्द पाहून होकार दिला जातो, आणि केबिनचा क्रमांक एजंटवर किंवा कंपनीवर सोपवला जातो. मोठी बाल्कनी केबिनच्या प्रकाराचे नाव वाचून कळत नाही, कारण ती एका ठरावीक जहाजाच्या ठरावीक क्रमांकाच्या केबिनला असते, आणि एकाच जहाजावर जवळपास सारख्या दराच्या दोन केबिनींपैकी एकीची बाल्कनी दुसरीच्या दीडपट असू शकते.

माझ्या पहिल्या सफरीत मीही क्रमांक एजंटवर सोडला होता. पडदा सरकवला तेव्हा बाल्कनीच्या कठड्यापलीकडे हातभर अंतरावर जीवरक्षक होडीचे नारिंगी छत होते, आणि आईने चारही दिवस समुद्र वरच्या डेकवर जाऊनच पाहिला. त्यानंतर ज्या क्रमाने मी केबिन निवडू लागलो, तो क्रम खाली दिला आहे.

१. संकेतस्थळ उघडण्याआधी गच्चीवर खडूने बाल्कनी आखा

बाल्कनीत किती माणसे एकाच वेळी बसणार, कोणाला पाय वर घेऊन बसायचे आहे, तिथे नाश्ता करायचा आहे की केवळ सायंकाळी उभे राहायचे आहे, हे आधी घरात ठरले पाहिजे. ‘मोठी’ म्हणजे किती, हे कागदावरच्या चौरस फुटांवरून कोणाच्याही लक्षात येत नाही. मोठ्या जहाजांवर साध्या बाल्कनीचे क्षेत्रफळ साधारणपणे ४० ते ५५ चौरस फूट असते, आणि हा आकडा ऐकायला बरा वाटतो.

म्हणून मोजपट्टी आणि खडू घेऊन गच्चीवर जा. नऊ फूट रुंद आणि पाच फूट खोल असा आयत आखा. हे ४५ चौरस फूट झाले. खोली म्हणजे दारापासून कठड्यापर्यंतचे अंतर. आता घरातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या कठड्याकडे तोंड करून ठेवा, त्यांवर दोघांना बसवा आणि तिसऱ्याला पाठीमागून जायला सांगा. खुर्चीची बैठक आणि पाठ मिळून सुमारे दोन फूट जातात, गुडघे आणि पावले यांना आणखी दीड-दोन फूट लागतात, आणि मागे उरलेल्या जागेतून माणूस आडवा होऊन जेमतेम जातो. मग शेजारी साडेअकरा फूट रुंद आणि चार फूट खोल असा दुसरा आयत आखा. क्षेत्रफळ ४६ चौरस फूट, म्हणजे पहिल्यापेक्षा एक चौरस फूट जास्तच. पण बसलेल्या माणसाच्या मागून जाण्याची वाटच उरत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की केबिन निवडताना क्षेत्रफळाआधी खोली विचारण्याची सवय लागते.

आडवे पडण्याची आरामखुर्ची सुमारे सहा फूट लांब असते. समुद्राकडे पाय करून तिच्यावर पडायचे असेल तर साडेसहा फुटांहून अधिक खोली हवी. त्यापेक्षा कमी असेल तर ती कठड्याला समांतर ठेवावी लागते आणि समुद्र पाहण्यासाठी मान वळवून पडावे लागते.

तपासणी: घरच्यांनी मिळून एक आकडा कागदावर लिहावा, उदाहरणार्थ ‘किमान सहा फूट खोल’. कंपन्या मापे अनेकदा चौरस मीटरमध्ये देतात; एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. तसेच दिलेला आकडा फक्त बाल्कनीचा आहे की केबिन आणि बाल्कनी मिळून आहे, हे प्रत्येक वेळी पाहावे. सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो.

२. ‘बाल्कनी’ शब्दाच्या आधी काय लिहिले आहे ते वाचा

दरपत्रकात ‘बाल्कनी’ हा शब्द एकटा क्वचितच येतो. त्याच्या आधीचे विशेषण अर्थ पूर्ण बदलते, आणि घाईत तेच वाचायचे राहते.

व्हर्च्युअल बाल्कनी ही बाल्कनी नव्हेच. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या क्वांटम वर्गातील (एकाच धर्तीवर बांधलेल्या) जहाजांवर, ज्यांपैकी काहींच्या सफरी सिंगापूरहूनही झाल्या आहेत, आतल्या खिडकीविना केबिनींत भिंतीवर उंच पडदा असतो आणि त्यावर बाहेरच्या समुद्राचे थेट चित्र दिसते. आतल्या केबिनीसाठी ही सोय चांगली आहे, पण बाल्कनीचे स्वप्न पाहणाऱ्याने ती चुकून घेऊ नये.

आतल्या अंगाची बाल्कनी खरी असते, परंतु ती समुद्रावर उघडत नाही. २००९ साली आलेल्या ‘ओॲसिस ऑफ द सीज’वर आणि तिच्या वर्गातील इतर जहाजांवर सेंट्रल पार्क किंवा बोर्डवॉक या मधल्या मोकळ्या भागांकडे तोंड करून असलेल्या बाल्कन्या आहेत. वाड्याच्या चौकाकडे उघडणाऱ्या सज्जासारखी ही रचना असते. समोरच्या बाल्कनीतली माणसेही तुम्हाला पाहत असतात, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा.

इन्फिनिट व्हरांडा हा प्रकार सेलिब्रिटी कंपनीच्या २०१८ सालच्या ‘सेलिब्रिटी एज’ या जहाजापासून आला. यात वेगळा बाहेरचा सज्जा नसतो. खोलीच समुद्राच्या कडेपर्यंत वाढवलेली असते आणि काचेचा वरचा अर्धा भाग बटण दाबून खाली सरकतो. खोली प्रशस्त वाटते, पण उघड्यावर बसल्याचा अनुभव निराळा असतो.

जहाजाच्या पोटातल्या बाल्कन्या तीन बाजूंनी लोखंडाने वेढलेल्या असतात आणि समोर काचेच्या कठड्याऐवजी कमरेएवढा पत्रा असतो. ‘क्वीन मेरी २’वर अशा आडोशाच्या बाल्कन्या आहेत, तर कार्निव्हल कंपनीच्या २००९ सालच्या ‘ड्रीम’ जहाजापासून आलेल्या कोव्ह बाल्कन्या पाण्याच्या बऱ्याच जवळ असतात. वारा कमी लागतो, सावली मिळते, आणि ज्यांना लाटांचा आवाज जवळून ऐकायचा आहे त्यांना त्या मनापासून आवडतात. मात्र खुर्चीत बसल्यावर पत्र्याच्या वरून किती समुद्र दिसेल, याचा अंदाज उंची पाहूनच करावा. ठेंगण्या व्यक्तीला आणि लहान मुलांना तो कमीच दिसतो.

‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ असे लिहिलेले असेल तर समोर होडी, तिची क्रेन किंवा खांब आहे. फ्रेंच बाल्कनी मुख्यतः नदीतल्या क्रूझवर असते. तिथे दार उघडते, पण पाऊल टाकायला जागा नसते.

सावधान: ‘ज्युनिअर स्वीट’ किंवा ‘मिनी स्वीट’ म्हणजे बाल्कनी मोठी, असे गृहीत धरू नका. अनेकदा वाढीव पैसे खोलीच्या सोफ्यासाठी, टबासाठी आणि कपाटासाठी असतात आणि बाल्कनी साध्या केबिनीइतकीच असते.

३. डेक प्लॅन छापून घ्या आणि पट्टीने तुलना करा

खरे काम इथे आहे, आणि ते मोबाइलच्या पडद्यावर नीट होत नाही. जहाज कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच जहाजाचा, त्याच वर्षाचा डेक प्लॅन, म्हणजे प्रत्येक मजल्याचा आराखडा, उतरवून घ्या आणि जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून ए-३ कागदावर छापून आणा. एका वर्गातील दोन जहाजांचे आराखडेही तंतोतंत सारखे नसतात आणि दुरुस्तीनंतर केबिनी वाढवल्या जातात, म्हणून नातेवाइकांनी दोन वर्षांपूर्वी पाठवलेला आराखडा वापरू नका.

आता केबिनींच्या रांगेच्या बाहेरची कड पाहा. केबिनची बाहेरची भिंत आणि जहाजाची कड यांच्यामधला पट्टा म्हणजे बाल्कनी. जिथे हा पट्टा रुंदावतो, जिथे जहाजाची कड बाहेर झुकते किंवा केबिनी आत सरकतात, तिथे पेन्सिलीने खूण करा. आराखडा काटेकोर प्रमाणात असतोच असे नाही. म्हणून पट्टीने मोजलेले अंतर फुटांत बदलू नका, फक्त त्याच कागदावरच्या दोन केबिनींची तुलना करा.

मोठ्या बाल्कन्या बहुधा पुढील जागी सापडतात.

जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला, जहाजामागे उठणाऱ्या फेसाच्या पट्ट्याकडे तोंड करून असलेल्या केबिनींच्या बाल्कन्या बहुधा बाजूच्या बाल्कन्यांपेक्षा खोल असतात. त्यांतही कोपऱ्यावरच्या काही केबिनींना दोन बाजूंनी वळसा घेणारी बाल्कनी असते, आणि ती त्या दराच्या मानाने जहाजावरची सर्वांत मोठी जागा ठरू शकते. अशा केबिनी मोजक्याच असतात आणि जाणकार लोक त्या विक्री उघडताच घेतात.

जहाजाच्या मध्यभागी काही वेळा कड फुगीर असते. सेलिब्रिटीच्या सॉल्स्टिस वर्गातील जहाजांवर हा फुगवटा स्पष्ट दिसतो. फुगवट्याचा जो भाग तिरका असतो, त्या तिरक्या केबिनींच्या बाल्कन्या शेजारच्या सरळ केबिनींपेक्षा मोठ्या असतात, आणि जागा मध्यावर असल्याने डोलणेही कमी जाणवते. माझ्या मते कुटुंबासाठी ही सर्वांत उत्तम निवड आहे.

तिसरी जागा पायऱ्यांच्या रचनेची. पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्यांप्रमाणे काही जहाजांवर खालचा डेक पुढे आणि वरचा मागे असतो. प्रिन्सेस कंपनीच्या १९९८ सालच्या ‘ग्रँड प्रिन्सेस’वर आणि तिच्या वर्गातील जहाजांवर कॅरिब डेकच्या बाल्कन्या याच कारणाने मोठ्या आहेत, आणि त्यांचा अर्धा भाग छताखाली, अर्धा उघडा असतो. त्या खालच्या डॉल्फिन डेकच्या बाल्कन्या मात्र पूर्ण उघड्या आहेत आणि वरच्या मजल्यांवरून कोणीही खाली पाहू शकतो. क्षेत्रफळ मिळते, पण खासगीपणा जातो.

याशिवाय रांगेच्या दोन्ही टोकांची केबिन, म्हणजे जिना किंवा कपाटाची खोली जिथे रांग तोडते तिथली केबिन, अवश्य पाहावी. तिथे आराखड्यातला उरलेला कोन बाल्कनीच्या वाट्याला येतो.

तपासणी: व्हीलचेअरची खूण असलेल्या केबिनींच्या बाल्कन्या प्रशस्त दिसतात, पण त्या गरजू प्रवाशांसाठी राखीव असतात. गरज नसताना त्या मागू नयेत.

या टप्प्याच्या शेवटी तुमच्या हाती पाच-सहा केबिनींचे क्रमांक असले पाहिजेत. एकाच क्रमांकावर मन बसवू नका.

४. निवडलेल्या केबिनीच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा

छापलेले तीन डेक, म्हणजे तुमचा, त्यावरचा आणि त्याखालचा, एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाला धरा. लिफ्ट आणि जिने एकमेकांवर आले की कागद जुळले. मग तुमच्या केबिनीवर काय येते ते वाचा.

वर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. वर धावण्याची मार्गिका असेल तर सूर्योदयाआधीच पावले वाजू लागतात. खाली नाट्यगृह किंवा नाचाचा हॉल असेल तर आवाज मध्यरात्रीपर्यंत असतो. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनीच असतील तर रात्र शांत जाते. आराखड्यात जी जागा कोरी, नाव न लिहिलेली असते, ती बहुधा कर्मचाऱ्यांची कामाची खोली असते आणि तिथे गाड्या ढकलल्याचा खडखडाट होतो. कोरी जागा म्हणजे निवांत जागा, असा समज करून घेऊ नका.

याच वेळी छताचेही पाहा. वरच्या डेकची कड तुमच्या बाल्कनीच्या बाहेरपर्यंत येत असेल तर सावली मिळेल आणि पावसात बसता येईल. ती आत थांबत असेल तर दुपारचे ऊन पूर्ण अंगावर येईल. सिंगापूरसारख्या विषुववृत्ताजवळच्या बंदरातून निघणाऱ्या सफरीत छत नसलेली मोठी बाल्कनी सकाळ-संध्याकाळीच उपयोगी पडते, हे मी आग्रहाने सांगेन.

५. डोलणे, वारा आणि बाजू

गगनबावड्याच्या घाटात ज्यांना मळमळते, त्यांनी मागच्या टोकाच्या मोठ्या बाल्कनीचा मोह सोडून मध्यभाग घ्यावा. जहाज लाटेवर पुढे-मागे झुलते तेव्हा दोन्ही टोके सर्वाधिक वर-खाली होतात, आणि मध्यावर, खालच्या डेकवर ही हालचाल सर्वांत कमी असते. मागच्या टोकाला काही जहाजांवर यंत्रांचे कंपनही जाणवते. पुढच्या टोकाच्या बाल्कन्यांना वाऱ्याचा मार बसतो, आणि वारा जोराचा असेल तर कर्मचारी त्या बंद ठेवायला सांगतात. म्हणजे मोठ्या जागेचे पैसे देऊन दार लावून बसायचे.

बाजूचा विचार एकाच दिशेच्या सफरीत महत्त्वाचा ठरतो. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताची बाजू म्हणजे पोर्ट आणि उजव्या हाताची स्टारबोर्ड. मुंबईहून गोव्याकडे, म्हणजे दक्षिणेकडे जाताना किनारा डावीकडे राहतो आणि सूर्य उजवीकडे मावळतो. परतताना हे उलट होते. त्यामुळे जाऊन-येऊन सफरीत बाजूसाठी जादा पैसे देऊ नयेत, पण फक्त जाण्याचे तिकीट असेल तर सूर्यास्तासाठी उजवी बाजू मागावी.

मुंबईहून निघणाऱ्या सफरींसाठी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या मार्गावर फिरलेले ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० सालच्या बांधणीचे आहे, आणि त्या काळच्या जहाजांवर बाल्कनी असलेल्या केबिनी थोड्याच असत. अशा जहाजावर निवडीला वाव कमी असतो, म्हणून लवकर ठरवावे. मोठ्या बाल्कनीचीच हौस असेल तर नव्या बांधणीच्या जहाजाची सफर पाहावी.

६. एकत्र कुटुंब असेल तर दोन बाल्कन्या जोडून घ्या

आपल्याकडे आजी-आजोबा, मुले, नातवंडे असे सात-आठ जण एकत्र निघतात. त्यांच्यासाठी एक अवाढव्य बाल्कनी शोधण्यापेक्षा शेजारशेजारच्या दोन साध्या केबिनी घेणे अनेकदा स्वस्त पडते, कारण बऱ्याच जहाजांवर दोन बाल्कन्यांमधली आडभिंत उघडता येते आणि केबिनचा सेवक ती विशेष किल्लीने उघडून देतो. दोन ४५ चौरस फुटांच्या बाल्कन्या मिळून ९० चौरस फुटांचा लांब सज्जा होतो आणि सर्वांचा सकाळचा चहा एकत्र होतो. दारापासून कठड्यापर्यंतची खोली मात्र वाढत नाही, हे विसरू नये.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली क्रमांकाची. बऱ्याच जहाजांवर सम क्रमांक एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात, त्यामुळे ८२२० आणि ८२२१ या केबिनी शेजारी नसून जहाजाच्या विरुद्ध बाजूंना असू शकतात. शेजार आराखड्यावर पाहूनच ठरवावा. दुसरी चूक अशी की आतून दाराने जोडलेल्या केबिनी आणि आडभिंत उघडणाऱ्या बाल्कन्या या दोन वेगळ्या सोयी आहेत. त्या केबिनींची आडभिंत उघडते का, हे आरक्षणाआधी स्वतंत्रपणे विचारावे. काही ठिकाणी ती कायमची लोखंडी असते.

७. आता दर विचारा, आणि क्रमांक लेखी घ्या

एजंटकडे जाताना ‘बाल्कनी केबिन केवढ्याला पडेल’ असा प्रश्न नेऊ नका. जहाज, तारीख आणि पसंतीच्या क्रमाने पाच क्रमांक असा कागद त्याच्यापुढे ठेवा आणि यांपैकी कोणती मोकळी आहे ते विचारा.

‘गॅरंटी’ या नावाने मिळणारा स्वस्त दर घेतला तर केबिनचा प्रकार तेवढा निश्चित होतो, क्रमांक कंपनी ठरवते आणि आधीच्या सहा टप्प्यांची सगळी मेहनत वाया जाते. समूह सहलींतही केबिनी आधीच एकगठ्ठा घेतलेल्या असतात. त्यांत निवड करता येते का, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे.

सावधान: आरक्षण करताना ‘मोफत बढती नको’ अशी नोंद करून घ्या. कंपनीच्या दृष्टीने वरच्या दर्जाची केबिन म्हणजे बढती असते, पण तुम्ही शोधून काढलेली मागच्या कोपऱ्यावरची बाल्कनी जाऊन त्याऐवजी वरच्या डेकवरची लहान बाल्कनी हाती येऊ शकते.

दोन केबिनींची तुलना करताना दरडोई भाडे, बंदर शुल्क आणि रोजची सेवाभेट (कर्मचाऱ्यांसाठीची टिप) एकत्र धरून करावी. स्वीटसाठी सेवाभेटीचा दर अनेक कंपन्यांत जास्त असतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर घेतला जाणारा टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला कर) आयकर विवरणपत्रात वळता करून मिळतो, म्हणून त्याची पावती आणि पॅन क्रमांक नीट जुळवून ठेवा.

तपासणी: हाती आलेल्या पुष्टिपत्रावर जहाजाचे नाव, डेक आणि केबिनचा क्रमांक हे तिन्ही छापलेले असावेत. शेवटचा हप्ता भरण्याआधी आणि निघण्याच्या आठवडाभर आधी तो क्रमांक पुन्हा पडताळून पाहा.

८. चढल्यावर पहिल्या तासात

सामान उघडण्याआधी बाल्कनीत जा. दाराची कडी लागते का, खुर्च्या किती आहेत आणि आडभिंत कुठे आहे ते पाहा. अपेक्षित केबिन नसेल किंवा आरक्षणात नसलेला अडथळा समोर असेल, तर छायाचित्र काढून लगेच स्वागत कक्षात जावे. जहाज सुटल्यावर मोकळी केबिन मिळण्याची शक्यता फार कमी उरते. आडभिंत उघडायची असेल तर सेवकाला तेव्हाच सांगावे.

बाल्कनीच्या दाराला बहुधा उंच उंबरठा असतो. वृद्ध माणसांना तो पहिल्याच दिवशी हात धरून ओलांडून दाखवावा, कारण रात्री झोपेत उठून बाहेर जाताना पाय तिथेच अडखळतो. केबिनचे मुख्य दार आणि बाल्कनीचे दार एकाच वेळी उघडू नये. वाऱ्याच्या झोताने जड दार आपटते आणि बोटे चिरडतात. खुर्च्या कठड्यापासून दूर ठेवाव्यात, म्हणजे मुले त्यांवर चढणार नाहीत. उदबत्ती, निरांजन किंवा कोणतीही ज्योत जहाजावर लावता येत नाही, बाल्कनीतही नाही. ओले कपडे कठड्यावर टाकू नयेत, ते वाऱ्याने उडून समुद्रात जातात. त्यासाठी न्हाणीघरात बहुधा ओढून बांधायची दोरी असते.